फ्लेक्सवर न बसलेला ‘कदाचित’

नाशिकची एसटी आळेफाट्याला थांबली, प्राची लेंडे पाठीवरची सॅक सावरत खाली उतरली, आणि रस्त्यापलीकडे तिला स्वतःचाच चेहरा दिसला.

तो बैलगाडीएवढा होता. रंग मूळ रंगापेक्षा बराच उजळ, ओठ गुलाबी, डोक्यामागे सूर्याची किरणं, आणि पायाशी — म्हणजे पाय जिथे असायला हवे होते तिथे — मोबाइल कानाला लावून उभ्या असलेल्या गॉगलधारी शुभेच्छुकांची रांग. हनुवटीखाली तीन शब्द होते. प्रत्येक अक्षर हातभर उंच.

कॅन्सरवर औषध शोधले!

एकाच निरीक्षणावर विसंबायची तिला सवय नव्हती, म्हणून तिने ते पुन्हा वाचलं. मजकूर तोच निघाला. भाद्रपदातला भुरभुर पाऊस चष्म्याच्या काचांवर बसत होता. छत्री सॅकमध्ये होती आणि तिथेच राहिली. तळपायाची आग मस्तकात गेलेली असताना छत्री आठवत नाही.

औषध तिने शोधलेलं नव्हतं. शोधायचा प्रयत्नही केलेला नव्हता. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ती पॉलिमरचे सूक्ष्म कण बनवत असे, आणि तेही सध्या बंद होतं. खोलीतली हवा कोरडी ठेवणारं यंत्र बिघडलं होतं आणि दमट हवेत तिचे कण चेपत. यंत्र दुरुस्त होईपर्यंत पिंपळवंडीला घरी जावं, एवढ्याच हेतूने ती निघाली होती. कणांवरचा तिचा शोधनिबंध प्रसिद्ध झाल्याचं तिने चुलत्यांना, दादाभाऊंना, कळवलं होतं. त्यांनी गावात सत्कार ठरवला, इथवर तिला माहीत होतं.

फ्लेक्सच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापणाऱ्याचं नाव होतं. अरिहंत डिजिटल. दुकान समोरच होतं.

आत एक तरुण संगणकावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्समधली पांढरी मिशी काळी करत होता.

“तो बाहेरचा फ्लेक्स कुणी छापला?”

“कुठला? इथले सगळे आपणच छापतो. दशक्रियेचा असेल तर फोटो जरा मोठा आणा, ताई, म्हणजे—”

“माझा.”

त्याने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, काचेतून फ्लेक्सकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. या वेळी नजर जरा जास्त रेंगाळली.

“हां,” तो जपून म्हणाला, “प्रत्यक्षात... वेगळ्या दिसता, मॅडम.”

“गोरी करायला कुणी सांगितलं होतं?”

“सगळ्यांनाच करतो. आजवर तक्रार नाही आली.”

“आता आली. आणि ती रंगाची नाही. हे जे खाली लिहिलंय, ते धादांत खोटं आहे.”

“असं कसं? दादाभाऊंनी तुमचाच मेसेज पुढं पाठवला.” त्याने मोबाइल काढून वाचायला सुरुवात केली. “‘आम्ही दोन बाजूंचे सूक्ष्म कण तयार केले आहेत. कर्करोगाच्या निदानात आणि उपचारात पुढे कदाचित त्यांचा उपयोग होऊ शकेल. सध्या काम फक्त प्रयोगशाळेत आहे.’ बघा. तुमचंच आहे.”

“मग यातलं ‘कदाचित’ कुठे गेलं? ‘फक्त प्रयोगशाळेत’ कुठे गेलं?”

“बसलं नाही.”

“काय?”

“अक्षरं बसली नाहीत, मॅडम. इथं गाडी थांबत नाही, पळती असते. पळत्या गाडीतनं माणसाला तीन शब्द कळतात. चौथ्या शब्दाला गाडी नारायणगावच्या रस्त्याला लागलेली असते. आमच्या धंद्याचा नियमच आहे हा. आता तुम्हीच सांगा, ‘कदाचित’ कोण वाचतं?”

प्राचीने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा घातला. एवढ्या वेळात आवाज खाली येईल अशी तिची अपेक्षा होती. ती चुकीची ठरली.

“‘कदाचित’ म्हणण्याएवढा पुरावा गोळा करायला मला चार वर्षं लागली आहेत! आणि तुम्ही तो शब्द डिलीट केलात? एका बटणानं?”

मिशी अर्धी काळी, अर्धी पांढरी तशीच पडद्यावर राहिली. मग त्याने स्टूल पुढे सरकवलं.

“बसा तरी. आणि हे दोन बाजूंचे कण म्हणजे काय, ते सांगा. तेवढं तर मला छापायच्या आधी कळायला पाहिजे होतं.”

ती बसली नाही, पण सांगितलं मात्र. शेजारी शेजारी दोन बारीक सुया. दोन्हींतून पॉलिमरची वेगवेगळी द्रावणं सोडायची. टोकाशी मोठा विद्युतदाब दिला की दोन्ही द्रावणं एकाच धारेत ओढली जातात, धार तुटून थेंब होतात, आणि थेंब हवेतच सुकून कण बनतात. दोन्ही द्रावणं एकमेकांत मिसळायच्या आत. म्हणून कणाच्या एका बाजूत औषध राहतं, दुसऱ्या बाजूत लोहाची अतिसूक्ष्म भुकटी. औषध एका बाजूने काम करतं, आणि ते शरीरात कुठे पोचलं हे लोहामुळे स्कॅनमध्ये दिसतं.

“म्हणजे दुतोंडी,” तो म्हणाला.

“हा विनोद प्रत्येक पाहुणा करतो.”

“बरं, राहिलं.” त्याने टेबलाचा खण उघडून एक लहानशी डबी काढली आणि तिच्यातलं बी तळहातावर घेतलं. तांबडंलाल, चकचकीत, आणि एका टोकाला काळं. गुंज. “आजोबा सराफीत होते. याच्यावर सोनं तोलायचे. असा का तुमचा कण?”

प्राची वाकून पाहू लागली. इतक्या जवळून, की पावसाचं पाणी तिच्या केसांतून त्याच्या मनगटावर पडलं. त्याने हात हलवला नाही.

“नाही,” ती म्हणाली. “यात काळा भाग जेमतेम एक तृतीयांश आहे. आमचे निम्मे-निम्मे असतात.” जरा थांबून तिला नाइलाजाने भर घालावी लागली, “पण... हो. असाच.”

ती हसणार होती. वेळीच तिला आठवलं, की आपण संतापलेलो आहोत.

“फ्लेक्स उतरवा.”

“सत्काराआधी? दादाभाऊंना विचारल्याशिवाय? आनंदाचा फ्लेक्स मध्येच उतरवला तर लोक समजतात, घरात काही वाईट घडलं. उद्या तुमच्या दारात माणसं सांत्वनाला येतील.”

“येऊ देत. खोट्या अभिनंदनापेक्षा खोटं सांत्वन परवडलं!”

आणि ती पावसात निघून गेली. छत्री न उघडताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात माणूस आला, पण सांत्वनाला नव्हे. निमगाव सावा गावचे कुशाबा. पन्नाशीपलीकडचे, धुतलेला पांढरा सदरा, हातात टोपी. दादाभाऊंनी त्यांना मोठ्या अभिमानाने ओट्यावर बसवलं होतं आणि चहा दिला होता. प्राची बाहेर येताच ते उठून उभे राहिले आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर फ्लेक्सचा फोटो होता. तो एव्हाना तालुकाभर फिरला होता.

“ताई, तुमीच न्हवं का ह्या? आमच्या मंडळीला, सरूबाईला, छातीत गाठ हाय. पुन्याला सलाईन चालू व्हतं. लई तरास व्हतो वो तिला. तर म्हनलं, आता आपल्या हितंच औषध निघालंय, मंग कशाला... म्हनून ह्या टायमाला गेलोच न्हाई.”

“गेला नाहीत? सलाईनला?”

“तीच म्हनली, आता त्या सुया नको. लेंड्यांच्या पोरीचं औषध घेऊ.”

दादाभाऊंचा चहाचा कप बशीवर वाजला. प्राचीचा काल रात्रभर उकळत राहिलेला संताप एकाएकी गार झाला. गार झालेला संताप जास्त धारदार असतो. तिने फ्लेक्सच्या फोटोच्या कोपऱ्यातला नंबर मोठा करून पाहिला आणि फोन लावला.

“गाडी आहे तुमच्याकडे?”

“आहे. कोण, मॅडम?”

“पिंपळवंडीला या. आत्ता. तुमचे तीन शब्द एका बाईनं वाचलेत.”

अरिहंत — दुकानाला नाव त्याचंच होतं — वडिलांची पिकअप घेऊन आला. त्याचे वडील, रिखबचंदशेठ, कांद्याचे आडतदार. गाडीभर कांद्याची टरफलं उडत होती. कुशाबा मोटारसायकलवर पुढे निघाले आणि मागोमाग ही दोघं, बेल्ह्याच्या रस्त्याने. दोन्हीकडे ऊस, मध्येच सोयाबीनचे पिवळे पडू लागलेले तुकडे, आणि पावसाची झड. वायपर काच पुसत होता.

“मी कुणाला मारलं का, मॅडम?” बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

“अजून नाही.” तिने त्याच्याकडे पाहिलं. स्टिअरिंगवरची त्याची बोटं पांढरी पडली होती. तिला त्याची दया येऊ लागली, आणि त्या गोष्टीचाही तिला राग आला. “कांदा खाता तुम्ही?”

“आमच्यात नाही खात. जमिनीखालचं काहीच नाही.”

“आणि वडील दिवसभर कांद्याचा लिलाव करतात?”

“विकतात. खात नाहीत.”

“यात तुम्हाला विसंगती दिसत नाही?”

“दिसते की.” तो किंचित हसला. “पण एका कणाच्या दोन बाजू असू शकतात, असं काल कुणीतरी मला फार रागावून समजावलं.”

प्राचीने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. काचेत तिचं हसू तिलाच दिसलं.

सरूबाई पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. त्याखाली केस नव्हते. त्यांनी प्राचीला आपादमस्तक न्याहाळलं.

“ह्यीच का? फोटूत तर गोरी व्हतीस.”

“फोटो खोटा आहे, मावशी. खाली लिहिलंय तेही.”

“म्हंजी? औषध न्हाई केलं तू?”

रस्ताभर जुळवलेली वाक्यं प्राचीने मनात चाळली. एकेक वाक्य अचूक होतं आणि त्यातलं एकही या पडवीत उपयोगाचं नव्हतं. तेवढ्यात शेजारून अरिहंतने डबी पुढे केली. तिने गुंज उचलून सरूबाईंना दाखवली.

“मावशी, मी असे कण करते. डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक. या लाल बाजूत औषध भरायचं, काळ्या बाजूत लोखंडाची भुकटी. म्हणजे औषध गाठीपर्यंत गेलं, का भलतीकडेच गेलं, ते मशीनमध्ये दिसतं.”

“चांगलं हाय की मग. आन इकडं.” सरूबाईंनी हात पुढे केला.

तो पसरलेला हात प्राचीला आयुष्यभर विसरता येणार नव्हता.

“ते अजून काचेच्या भांड्यातच आहे, मावशी. उंदरालासुद्धा दिलेलं नाही. तुम्हाला दिलं तर काय होईल, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.”

“मंग कवा व्हईल?”

“दहा-पंधरा वर्षांनी. कदाचित कधीच नाही.”

हात हळूहळू मागे गेला. गोठ्यात म्हशीने शेपटी झटकली. कुशाबा टोपीची घडी घालत राहिले, उलगडत राहिले.

“मावशी,” अरिहंत पुढे आला. “ह्यांनी ‘कदाचित’ लिहिलं होतं. मी काढलं. फ्लेक्स मी छापला.”

“का रं काढलंस?”

“मोठी अक्षरं... बसत नव्हती.”

सरूबाई भिंत सोडून ताठ झाल्या. “माझ्या जिवापुढं तुला अक्षर बसंना व्हय रं? मी हितं पोराबाळांस्नी सांगत बसलीया, आता मी मरत न्हाई म्हनून! आन तू गाड्यांस्नी वाचाया मिळावं म्हनून...”

तो मान खाली घालून उभा होता. धंद्याचा नियम त्याने सांगितला नाही. दादाभाऊंचं नाव घेतलं नाही. कालपासून प्राचीला कुणीतरी त्याला असंच फैलावर घ्यावं, असं वाटत होतं. प्रत्यक्षात ते घडताना मात्र तिला त्यात काडीचंही समाधान मिळालं नाही.

“आन त्या सलाईनचं तरी खरं हाय का?” सरूबाईंनी आता तिच्याकडे मोर्चा वळवला. “का त्येबी पाटीवरचंच?”

“ते खरं आहे. उलट्या होतात, ते खरं. केस जातात, तेही खरं. पण हजारो बायकांना ते देऊन, कोण वाचलं आणि कोण नाही, हे मोजून मग ते तुमच्यापर्यंत आलंय. तुम्ही बऱ्या व्हालच, असं मी म्हणणार नाही. पण ते सोडलंत तर बरं होण्याची आशा कमी होते. इथं मला ‘कदाचित’ म्हणायची गरज नाही.”

सरूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“एवढं कदाचित-कदाचित करनारी पोरगी,” शेवटी त्या कुशाबांना म्हणाल्या, “ती हितं कदाचित म्हनत न्हाई. म्हंजी जावं लागंल.” मग प्राचीकडे वळून, “पर तू येनार संग. आन ह्यो छापनारा गाडी हाकनार.”

“उजाडताच येतो,” अरिहंत म्हणाला.

“आन आता निघा. उसात बिबट्या हाय, दिस मावळायच्या आत घरी जावा.”

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या वाटेवर सरूबाईंनी खिडकीशेजारची जागा घेतली आणि त्यामुळे प्राचीला मधली घ्यावी लागली. कुशाबा मागे, ताडपत्रीखाली. वळणावर तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागे. दोघंही दरवेळी “सॉरी” म्हणत; राजगुरुनगरनंतर म्हणेनासे झाले.

चहाच्या टपरीवर अरिहंतने चहा देणाऱ्या बाईला ताई म्हटलं. रुग्णालयात कागद तपासणाऱ्या नर्सला ताई म्हटलं. लिफ्टमधल्या अनोळखी मुलीलाही ताई म्हटलं.

“का रं,” सरूबाईंनी भर रांगेत विचारलं, “जगाला ताई म्हनतोस, आन हिलाच तेवढं मॅडम?”

तो कानापर्यंत लाल झाला. प्राचीने समोरचा हात धुण्याच्या सूचनांचा तक्ता अतिशय लक्षपूर्वक वाचायला घेतला.

डॉक्टरांनी चौघांनाही एका ओळीत उभं करून झापलं. मग तपासण्या झाल्या, आणि सलाईन पुन्हा सुरू झालं. फार उशीर झालेला नाही, असं ते म्हणाले. नेमका किती झाला, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि प्राचीने त्याबद्दल मनातल्या मनात त्यांना मान दिला. सुई टोचताना सरूबाईंनी एका हाताने कुशाबांचा हात आणि सुईच्या हाताच्या मोकळ्या बोटांनी प्राचीचा पदर पकडला होता. ओढणीला त्या पदरच म्हणत होत्या.

फाट्यावरचा फ्लेक्स त्याच रात्री उतरला. सकाळी त्या जागी नवा होता. त्यावर प्राचीचा फोटो होता, पण तिच्या मूळ रंगाचा. सूर्याची किरणं नव्हती. शुभेच्छुक नव्हते. हातभर उंचीचे तीन शब्द मात्र होते.

औषध शोधलेले नाही!

आणि त्याखाली बोटभर अक्षरांत, ओळीमागून ओळ, कण म्हणजे काय, ते कुठवर आले आहेत, कुठवर आलेले नाहीत, आणि चालू उपचार कुणीही थांबवू नयेत. ‘कदाचित’ हा शब्द तेवढा लाल रंगात होता. एखाद्याने काही न केल्याबद्दल आळेफाट्यावर फ्लेक्स लागण्याची ती पहिलीच वेळ असावी.

दादाभाऊ आधी भयंकर भडकले. “आरं, सत्कार कशाचा करायचा मग? न्हाई केल्याचा?” पण दुपारपर्यंत त्यांचा राग उतरला. कारण गाड्या थांबत होत्या. तो नकार वाचून टेम्पोवाले ब्रेक मारत, खाली उतरत, खालचा बारीक मजकूर शेवटपर्यंत वाचत आणि मग दुकानात येऊन विचारत, राव, ही काय भानगड? दादाभाऊ तिथेच खुर्ची टाकून बसले आणि त्यांना गुंज दाखवून समजावू लागले. “काळी बाजू निम्मी पायजे,” ते प्रत्येकाला बजावत, “ही एक तृतीयांशच हाय.”

यंत्र दुरुस्त झाल्याचा निरोप आला, आणि दुसऱ्या दिवशी प्राची फाट्यावर पुण्याच्या गाडीची वाट पाहत उभी होती. त्याच फ्लेक्सखाली. पाऊस भुरभुरत होता. या वेळी छत्री उघडी होती आणि अरिहंतच्या हातात होती. तो स्वतः निम्मा बाहेर भिजत होता.

“नियम मोडला तुमचा,” ती म्हणाली. “लोक चौथा शब्दही वाचतात.”

“तीनच शब्दांनी थांबवलं त्यांना. बाकीचं नंतर.” त्याने खिशातून डबी काढली. “हे तुम्हाला.”

“गुंज? ही विषारी असते. माहीत आहे ना?”

“म्हणून तर डबीत घालून देतोय.”

तिने डबी घेतली. त्याची बोटं लगेच सुटली नाहीत.

“मॅडम... प्राची. मला तुम्ही आवडता. अगदी, म्हणजे... मोठ्या अक्षरांत.”

“चार-पाच दिवसांच्या निरीक्षणावर?” तिचा आवाज हवा तेवढा कोरडा लागला नाही. “हे फार घाईचं अनुमान आहे. तुमच्या घरी कांदा चालत नाही, आमच्या साठवणीच्या बराखीत तोच भरलाय. मी दमट हवेत चिडते. तुमच्या हाती शब्द सुरक्षित राहत नाहीत—”

“एक शब्द राहील. तुम्ही ‘कदाचित’ म्हणा. तो मी आता जन्मात कापणार नाही.”

ती उत्तर जुळवत होती. ते उत्तर लांबलचक होतं, काळजीपूर्वक बांधलेलं होतं: त्यात आजवरच्या निरीक्षणांची मर्यादा होती, दोन्ही घरांचा विचार होता, आणखी काही महिन्यांनी फेरविचार करण्याची अट होती, आणि मध्यभागी, योग्य त्या जागी, ‘कदाचित’ होतं. पण तेवढ्यात एसटी आली. गर्दीने तिला आत लोटलं. खिडकीपर्यंत ती पोचते तोवर कंडक्टरने दोनदा घंटी मारली होती आणि गाडी हलली होती. तो गाडीबरोबर चालू लागला, मग धावू लागला, छत्री वाऱ्याने उलटी झालेली.

आपलं वाक्य बसणार नाही, हे प्राचीच्या लक्षात आलं. पळत्या गाडीतून तीनच शब्द पोचतात. तिने खिडकीची काच सरकवली, डोकं बाहेर काढलं, आणि चार दिवसांपूर्वी ज्यासाठी एका माणसाला त्याच्याच दुकानात फाडून खाल्लं होतं, नेमकं तेच केलं.

“मलाही आवडता तुम्ही!”

गाडी नारायणगावच्या रस्त्याला लागली. प्राची जागेवर बसली. चेहरा भिजला होता, चष्मा भिजला होता, आणि स्वतःच्या निष्काळजीपणाचा तिला विलक्षण संताप आला होता. पुरावा अपुरा होता. अटी गळाल्या होत्या. ‘कदाचित’ तर तिने स्वतःच्या हाताने कापलं होतं. एवढ्या ढोबळ विधानावर तिने दुसऱ्या कुणाकडून तत्काळ खुलासा मागितला असता.

तिने डबी मुठीत घट्ट धरली, आणि खुलासा केला नाही.